दोनशे आकडी सवत

"मास्तर, तुम्ही आमच्याकडे चालू करून दिलेलं ते यंत्र बिघडलं बघा!" खालच्या मजल्यावरचे झहारियादादा चपलांसकट स्वयंपाकघरात शिरले. "सकाळपासून पडद्यावर एकच लांबलचक ओळ. बटण दाबून बंदच करणार होतो."

"हात लावू नका!" माझे यजमान लिओंतिन ओरडले. वर्गातसुद्धा कधी आवाज न चढवलेला माणूस तसाच जिना उतरून गेला.

शुक्रवार होता. देवमातेच्या तसबिरीपुढे दिवा लावून मी उपासाच्या पावाची कणीक मळत होते.

गणिताच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून ते एका संख्येच्या मागे होते. दोनशेहून अधिक आकडी. "ती संयुक्त आहे, फुटते, हे कसोटीनं सिद्ध झालंय," ते सांगायचे. "पण कुठल्या दोन संख्यांच्या गुणाकारातून ती झाली, हे जगात कुणालाच ठाऊक नाही." मडक्याला तडा आहे हे आवाजावरून कळावं आणि तडा दिसू नये, तसं. माझ्या नावाच्या संताच्या सणालाही त्यांचं अर्धं लक्ष तिच्याकडे असे. रोजच्या प्रार्थनेत मी तिचा विषय मुद्दाम काढत नसे. काढला असता तर बरं मागणं निघालं नसतं. आमच्या स्वयंपाकघरातलं त्यांचं यंत्र रात्रंदिवस तापलेलं असे, त्याच्याशेजारी माझी कणीक छान फुगे. सवतीचा तेवढाच उपयोग.

शोधायची पद्धतही विचित्र. प्रत्येक प्रयत्न म्हणजे नवा फासा. मागची मेहनत पुढे जमा होत नाही. तेवढाच एक फासा जास्त, म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी दादांना नातवानं देऊन टाकलेल्या, पडून असलेल्या कॉम्प्युटरवरही तेच काम लावून दिलं होतं.

ते परत आले ते एक संख्या उतरवून घेऊन. आपल्या यंत्रावर भागाकार केला. बाकी शून्य. म्हणजे संख्या फुटली होती, दादांच्या घरी.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. त्या संख्येचा हेवा वाटे तेव्हा मी तो आरशात पाहिला होता.

"काय, बिघडलंय ना?" दादा म्हणाले. "जन्मभर ट्राम चालवली मी. माझ्या हातून फुटलं तर एखादं फाटकच फुटायचं."

'हो, बिघडलंय' एवढंच त्यांनी म्हटलं असतं, तर जगभरच्या शोधकांच्या यादीत लिओंतिन यांचं नाव लागलं असतं. दादांना कधीच कळलं नसतं. मी कणकेत हात तसेच ठेवून उभी राहिले.

"दादा," लिओंतिन म्हणाले, "बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव काय तुमचं?"

"झहारिया पाम्फिल मोकानू. का? पोलिसात देताय?"

त्यांनी नाव टाइप केलं, मग सगळं समजावलं. दादा कावरेबावरे झाले. "अहो मास्तर, तुमचंच टाका की! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. वहिनी, सांगा ना यांना."

"ज्याच्या यंत्रावर सापडेल त्याचं नाव," लिओंतिन म्हणाले. "रीत आहे तशी."

दादा गेले.

"आणि भागून उरलेला तुकडा?" मी विचारलं. तिच्याविषयी आपणहून विचारायची माझी पहिलीच वेळ.

"तोही फुटत असेल तर काम शिल्लक आहे. बघतो."

मी तसबिरीकडे पाहिलं. आई, फुटू दे गं तो. यांच्यासाठी काहीतरी उरू दे.

पडद्यावर उत्तर आलं.

"मूळ संख्या," ते म्हणाले. "हा आता फुटायचा नाही. संपलं."

त्यांनी यंत्र बंद केलं. त्याची घरघर थांबली तेव्हा कळलं, ती किती वर्षं कानात होती. सवयीनं मी कणकेचं पातेलं नेहमीच्या जागी, यंत्राशेजारी ठेवलं. खिडकीबाहेर बर्फ होतं.

सायंप्रार्थना करून आले तर ते त्या काळ्या पडद्यासमोर नुसत्या सदऱ्यात बसलेले. अंगातला लोकरी स्वेटर काढून त्यांनी पातेल्याभोवती गुंडाळला होता, आणि त्यावर दोन्ही हात ठेवले होते.