दिलेला मुलगा

आनंदीबाईंनी बापूला कधी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या की माणूस सावध होतो. नवरा गेला तेव्हा त्या विशीतल्या होत्या, आणि दहाव्याच दिवशी या थोरल्या दिरानं केशवपनासाठी न्हावी बोलावून आणला. त्या हातापाया पडत होत्या, आणि त्या पळू नयेत म्हणून बापू दार अडवून उभा होता. "कुळाच्या अब्रूचा प्रश्न आहे," म्हणाला. शेजारणींनी डोळ्यांना पदर लावला आणि घरी जाऊन भाताला आधण ठेवलं. तेव्हापासून आनंदीबाई जगल्या त्या बापूसाठीच म्हणा ना. त्याला रडताना बघायचं होतं त्यांना.

नागावात नवऱ्याच्या वाटणीची सुपारीची वाडी त्यांनी जपली. बापूनं आपली वाडी भाऊबंदांशी कज्जे करून घालवली. जन्मभर वकिलांची पोटं भरल्यावर त्याला वाटलं, आता एक वकील आपल्याच घरात निपजावा. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा विश्वंभर. तो एकोणतीस साली बी.ए. झाला. पुढचं शिक्षण मुंबईत, आणि बापूच्या घरात तर चूल पेटायची पंचाईत.

"आनंदे, पोराच्या वकिलीचं तूच बघ गो. तुला तरी दुसरं कोण आहे?"

"पुतण्यावर वाडी कशी उधळू, भावोजी? मुलगा असता तर शेवटचं झाडसुद्धा विकलं असतं. दत्तक द्या मला."

बापूनं मनात हिशेब मांडला. पोर जाणार कुठं, तर पलीकडच्या अंगणात. वर वाडी त्याच्या नावावर. नाव बदललं म्हणून रक्त थोडंच बदलतं! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही.

भटजींनी विचारलं, "बापूराव, एकुलता एक आहे. नीट विचार केलात ना?"

"तुम्ही होम पेटवा हो!" बापू म्हणाला. त्यानं हातावर पाणी सोडलं आणि पोर आनंदीबाईंच्या ओटीत घातलं.

आनंदीबाईंनी शब्द पाळला. कॉलेजची फी, खाणावळ, पुस्तकं, सगळं रेवसच्या बोटीनं वेळच्या वेळी गेलं, आणि सोबत पोह्यांचे पापडही. सूड घ्यायचा तर माल चोख द्यावा.

त्याच वर्षी बापूच्या बायकोचं श्राद्ध आलं. बापूनं विश्वंभरला बोलावलं, तर भटजींनी हात आडवा केला. "दिलेल्या मुलाला या घरचे पिंड देता येत नाहीत." बापूनं स्वतःच श्राद्ध उरकलं. पण त्या दिवशी तो भरल्या पानावरून उठला. बायकोला तो तरी होता. त्याला कोण?

विश्वंभर वकील होऊन आला तोवर बापूला दम्यानं पोखरलं होतं. भिंत धरत धरत तो आनंदीबाईंच्या ओटीवर आला.

"वकील झालास ना? मग मोडून काढ ते दत्तक! मेल्यावर मला अग्नी कोण देणार? माझा मुलगा मला परत पाहिजे." तो लहान पोरासारखा रडू लागला.

विश्वंभरच्या ओठांवर 'बाबा' आलं होतं. त्यानं आनंदीबाईंकडे पाहिलं.

"सांग ना," त्या म्हणाल्या. "एवढा शिकलास. पहिला सल्ला घरच्या माणसाला फुकट दे."



"दिलेला मुलगा परत घेता येत नाही," विश्वंभर म्हणाला. "कायद्यात तशी वाट नाही, काका."

तो शेवटचा शब्द ऐकून बापू भिंत चाचपत माघारी वळला. सूड घेऊन समाधान होत नाही असं जे सांगतात, त्यांनी तो पुरता घेतलेला नसतो. आनंदीबाईंना अगदी पोटभर समाधान झालं.

"काकांना घरी पोचवून ये," त्या उठत म्हणाल्या. "आणि तिथं बसू नकोस हो. मी पान वाढते."