तीन गाठींची निळी दोरी

"आला, आला! अजून एक आला!"

तंबूंच्या तळावर आरोळी उठली आणि सगळे बांधाकडे पळाले. समुद्र कापत सरळ जाणाऱ्या त्या लांबलचक बांधावरून एक सायकलवाला पायडलवर पाय नुसते टेकवून सुसाट येत होता. हँडलला तीन गाठींची निळी दोरी. उतरल्याबरोबर गड्याने दोरीचा मुका घेतला, फोन काढला आणि फोटो टाकला : 'दोरी बांधली, वारा पाठीशी!' टाळ्या, शिट्ट्या, दोघांनी तर चक्क नाच केला.

लुद्गर महाराज पांढऱ्या गाडीच्या पायरीवर बसून मंद हसत होते. डोक्यावर खलाशाची टोपी, गळ्यात विकायच्या दोऱ्यांचा ढीग. पलीकडच्या टोकाला त्यांचा माणूस याच दोऱ्या विकायचा.

"माझी पणजी जहाजवाल्यांना वारा विकायची," महाराज घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पहिली गाठ सोडा, झुळूक. दुसरी सोडा, वारा. तिसरी मात्र सोडू नका हो, तुफान येईल! आणि मनात शंका आणू नका. संशयी माणसाच्या तोंडावरच वारा बसतो."

काय पण सोय! साधलं तर दोरीचा गुण, नाही साधलं तर गिऱ्हाइकाचं पाप.

येल्त्ये तंबूपुढे बसून पावावर चॉकलेटचे दाणे पेरत होती. नवऱ्याबरोबरच्या सायकलप्रवासाची हकिकत ती रोज इंटरनेटवर लिहायची, आणि देशभरचे सायकलवेडे ती चवीने वाचायचे. एवढ्यात नवरा, हिड्डे, शीळ घालत आला. त्याच्या विजेच्या सायकलच्या हँडलला निळी दोरी होती आणि मागची बॅटरी गायब होती.

"बॅटरी कुठाय?"

"तळाच्या ऑफिसात दिली. घरी पाठवून देतील. उगाच ओझं!"

"अरे, गेल्या हिवाळ्यात तुझी छाती उघडली होती डॉक्टरांनी! समोरून वारा असेल तर बॅटरीशिवाय बांधावर जायचं नाही, असं बजावलंय त्यांनी. आणि सकाळी आपल्याला पलीकडे जायचंय!"

"दोरी आहे की. इथं आलेल्या कुणालाही विचार. एकाला तरी वारा समोरून लागला का?"

येल्त्येचा पाव हातातच राहिला. खरंच, एकालाही नाही. पण इथं आलेल्यांना कसा लागेल? वारा इकडेच वाहतोय! मग इथून पलीकडे गेले, त्यांचं काय? ते परत थोडेच सांगायला आले!

तिने फोन उचलला आणि लिहिलं : 'दोरी बांधून या टोकाहून त्या टोकाला गेलेल्यांनो, तुमचं काय झालं? लाजू नका, लिहा.'

मग फोन जो टुणटुणायला लागला, तो थांबेचना. येल्त्ये वाचता वाचता हसून लोळायची बाकी राहिली. हिड्डेला दंडाला धरून ती थेट गर्दीत घुसली आणि बाकावर उभी राहिली.

"ऐका हो! एक बाई लिहितात, 'अर्ध्या बांधावर सायकल ढकलत रडले. वाटलं, माझ्याच मनात पाप आहे.' हे दुसरे, 'दोरीवर ओले मोजे वाळत घालतोय. त्या कामाला झकास आहे.' आणि हे तिसरे, 'मागच्या आठवड्यात वारा फिरला, तेव्हा महाराजांची गाडी आमच्या टोकाला होती. इथं येणारा प्रत्येक जण खूश!'"

"बाई, तुमच्या मनात शंका आहे," महाराज उठत म्हणाले.

"आहे ना! भरपूर आहे! सांगा, सकाळी मी इकडून निघते, कुणी तिकडून निघेल. दोघांच्या हँडलला तुमचीच दोरी. वारा एकाच वेळी दोघांच्या पाठीशी कसा लागणार?"

महाराज गळ्यातल्या दोऱ्या सारख्या करू लागले. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा तळ खदखदायला लागला.

"अहो, वारा यांच्यामागे जात नाही. वाऱ्याचा अंदाज बघून हेच गाडी हाकतात!" येल्त्ये ओरडली.

"मला दुसरीकडं बोलावणं आलंय," म्हणत महाराज गाडीत चढायला गेले, तोच वाऱ्याने त्यांची टोपी उडवली आणि थेट पाण्यात नेली.

"महाराज, गाठ मारा! लवकर गाठ मारा!" गर्दी किंचाळली.

हिड्डे हसला नाही. कान लाल करून तो ऑफिसात गेला आणि बॅटरी घेऊन आला.

सकाळी बांधावर वारा नुसता थोबाडीत मारत होता. बॅटरीवरची मोटर गुरगुरत होती, हिड्डे दमत होता, थांबत होता, पुन्हा सायकलवर बसत होता. येल्त्ये मागून बेसूर गाणी ओरडत होती. पलीकडच्या टोकाला टेकल्यावर त्याने छातीवर हात ठेवून पाहिलं. ठोके जोरात होते, पण ठीक होते. बॅटरीचा मात्र शेवटचा दिवा लुकलुकत होता. ते पाहून त्याचा चेहरा उतरला.

"दोरीवर निघालो असतो तर आज मी मधेच पडलो असतो गं," तो हळूच म्हणाला.

मग त्याने स्वतःचा फोटो काढला. नाक लाल, डोळ्यांत पाणी, केस मागे उडालेले. आजवर त्या बांधावरून असा फोटो कुणी टाकला नव्हता. खाली त्याने लिहिलं :

'दोरी होती. वारा तोंडावर होता. बॅटरीमुळे पोचलो. ज्यांचं साधतं ते फोटो टाकतात, ज्यांचं फसतं ते लाजून गप्प बसतात. म्हणून बाबांनो, चमत्कार ऐकलात की आधी गप्प बसलेल्यांना विचारा. आणि फसला असाल तर बोला. तुमच्या मागून दुसरा कुणी बॅटरी काढून ठेवत असेल.'