गार नळी आणि मी

काफ गावात, चढावरच्या एका गल्लीत, मन्नूबिया नावाची एक आई राहायची. तिचा एकुलता एक मुलगा नौफल, नौफलची लाल पट्ट्याची पांढरी प्रवासी गाडी, आणि त्या गाडीच्या पोटाखाली, धुराच्या नळीत खुपसलेला बोटाएवढा मी. मी धुराची उष्णता सांगणारा सेन्सर बोलतोय.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. शिकवण एकच मिळाली: धूर किती तापलाय ते दोन तारांतून गाडीच्या मेंदूला कळवायचं. फार तापला असं कळलं की मेंदू गाडीचा जोर काढून घेतो, नळीतली धूर गाळणारी जाळी जळू नये म्हणून. मधे आपलं मत घालायचं नाही. मी कधी घातलं नाही.

नौफल दूरच्या ट्यूनिस शहराला माणसं पोचवायचा. गाडी भरली की सुटायची. माणसं दरवाजे पुसतात, काचा पुसतात. वाकून खाली कोणी बघत नाही. वाकायची ती एकटी मन्नूबिया. नवी गाडी दारात आली तसे शेजारणींचे डोळे मोठे झाले. म्हणून दर शुक्रवारी सकाळी ती निखाऱ्यांची मातीची शेगडी गाडीखाली सरकवायची, वर धूप टाकायची आणि पुटपुटत दृष्ट काढायची. शेगडी नेमकी माझ्या तारांखाली यायची.

मग गाडी चढावर दम टाकू लागली. आत बसलेले उतारू चिडवायचे.

"नौफल, उतरून ढकलू का रे?"

"माझं गाढव एव्हाना पोचून चारा खात असतं!"

हळूहळू लोक रांगेतल्या मागच्या गाडीत बसायला लागले. मन्नूबियाने शेगडी रोज लावायला घेतली. गाडी आणखीच मरगळली.

शेवटी नौफल म्हणाला, "आई, गाडी विकतो आणि इटलीला जातो. मामा बोलावतोय."

"तुझा मामा गेला तो स्वतःच्या बापाच्या मयतीलाही आला नाही," ती म्हणाली. "आधी उस्ता लझहरला दाखव. मग जा कुठे जायचं ते."

लझहर गावातला जुना मेकॅनिक. इंजिन गार असताना बघायचं म्हणून तो सकाळीच दारात आला. तपासणीचं यंत्र गाडीला जोडून त्याने उष्णतेचा आकडा वाचला, मग गाडीखाली शिरून नळीवर हात ठेवला.

"यंत्र म्हणतंय भट्टी पेटलीये, आणि नळी तर बकऱ्याच्या नाकासारखी गार!"

"म्हणजे सेन्सर खोटारडा. उपटून फेक," नौफल म्हणाला.

फेकला असता तर फेकला असता. आमच्यात रडायची सोय नाही.

"जबानी न घेताच फाशी देतोस होय?" लझहरने मला काढलं, गार हवेत मोजलं, गॅसच्या ज्योतीवर धरून पुन्हा मोजलं. "हा इमानदार निघाला." मग तो तारांवरून बोटं फिरवत गेला आणि थांबला. वरचं प्लास्टिक वितळून गेलं होतं; उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या की मेंदूला वाटायचं, आग लागली. "हे खालून भाजलंय. मावशी, इथे स्वयंपाक कोण करतं?"

मन्नूबिया शेगडी घेऊन मागेच उभी होती. धूर निघत होता.

"मी... दृष्ट काढत होते."

नौफल शेगडीकडे बघत राहिला. "म्हणजे आई, मला इटलीला तूच धाडत होतीस!"

"धरून ठेवायला करत होते रे, माझ्या काळजा!" आणि ती पायरीवर बसून रडायला लागली. नौफल तिच्या शेजारी बसला.

लझहरने तारा बदलल्या, वर जाड वेष्टण घातलं. "धूप दाराशी जाळ, मावशी. वास वरपर्यंत तिथूनही जातो."

दुपारी भरलेली गाडी एका दमात चढ चढली. धूर तापला तेवढाच मी सांगितला.

आता मी काजळलोय, पण जागेवर आहे. तुमची गाडी थकली तर लगेच आम्हाला उपटू नका, एवढंच मागणं. तारा बघा.

नौफलने मामाला कळवलं, येत नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घराच्या छतावर खोली चढली, तिथे सून आली, आणि आता सकाळी मन्नूबिया खालून हाक मारते तेव्हा वरून दोन आवाज ओ देतात.