अजेलेचा मंगळवार

मंगळवारी चोरकोर गावचा समुद्र सुट्टीवर असतो. होड्या वाळूवर पोट टेकून पडलेल्या असतात, जाळी बांबूंवर झुलत असतात, आणि किनाऱ्यावरचा एकही कोळी पाण्यात वल्हं घालत नाही. बापजाद्यांपासूनची चाल आहे ही. मोडली तर बंदराच्या पाटलांसमोर उभं राहायचं, मेंढा द्यायचा, आणि वर्षभर मासळीवाल्या बायकांचे टोमणे ऐकायचे. मेंढा परवडतो, टोमणे परवडत नाहीत.

ओदोई तांडेलानं ही चाल जन्मात मोडली नव्हती. माणूस श्रद्धाळू. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, आणि पास्टर लारेया बोलता बोलता गाऊ लागले की सगळ्यांत आधी टाळी ह्याची. पण मंगळवार उजाडला की त्याच्या गळ्यात शिट्टी यायची. वस्तीतल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरांचा फुटबॉल संघ त्यानंच उभा केला होता. बाकी दिवशी होडी लागली की संध्याकाळी सराव, रविवारी चर्च सुटलं की सराव. मंगळवारी मात्र होडी नाही, जाळं नाही, शाळेलाही सध्या सुट्ट्या. मग काय, सकाळपासून दिवस बुडेपर्यंत सराव!

"देवानं मंगळवार दिलाय कशाला?" तो पोरांना विचारायचा.

"झोपायला," गोलकीपर तेइको म्हणायचा. गोलमटोल पोरगं, तोंडानं तिखट.

"पळायला! चला, टायर ओढा!"

जुन्या टायरला दोर, दोर पोरांच्या कमरेला, आणि पोरं वाळूत. गेल्या वर्षी शेजारच्या तेशी गावच्या पोरांनी ह्यांच्यावर पाच गोल चढवले होते. तेव्हापासून ओदोईच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. यंदा परतफेड करायची, आणि करणार कोण, तर त्याचीच लेक अजेले. आठ वर्षांची, काडीसारखी पोर, पण डाव्या पायात अशी जादू की चेंडू तिच्यामागे कोंबडीच्या पिल्लासारखा धावायचा. निदान पूर्वी धावायचा.

अलीकडे पोर चेंडूकडे बघेनाशी झाली होती. पूर्वी ती चेंडू कुशीत घेऊन झोपायची, आई म्हणायची, "अगं, वाळू येते अंथरुणात," तर ही म्हणायची, "मग मी आणि तो दोघं वाळूत झोपतो." आता चेंडू बाहेर शेळीजवळ पडलेला असायचा.

"आत का नाही आणलास?" ओदोईनं विचारलं.

"वास येतो त्याला," अजेले म्हणाली आणि कूस बदलली.

तिची आई देदे भट्टीवर तारली मासळी धुरावून सुकवायची. हात कायम काळे, जीभ कायम मोकळी. पोरीच्या टाचेला कोमट तेल चोळता चोळता ती म्हणाली, "अजेलेच्या बापा, टाच सुजलीय पोरीची."

"वाढीचं वय आहे. दुखतंच."

"वाढीचं वय आहे म्हणूनच म्हणते. दवाखान्यातली नर्स काय म्हणाली, आठवतंय? विश्रांती."

"नर्सला फुटबॉल कळतो?"

"तुला टाच कळते?"

ओदोईनं केंकेचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा पानातून सोडवला, ठेच्यात बुडवला आणि तोंड भरून घेतलं. भरलेल्या तोंडानं भांडता येत नाही, हा त्याचा संसारातला मोठा आधार होता.

मग रविवार आला.

त्या दिवशी पास्टर लारेयांनी वादळाची कथा लावली. प्रभू शिष्यांबरोबर होडीत बसला, वारा सुटला, लाटा चढल्या, शिष्य ओरडताहेत, आणि प्रभू मात्र उशीवर डोकं ठेवून गाढ झोपलाय. कोळ्यांना ही कथा पाठ. तरी दरवेळी नवी वाटते. कारण पास्टर ती सांगत नाहीत, वल्हवत नेतात. आधी साधं बोलणं, मग बोलण्याला हेलकावा, मग हेलकाव्याला चाल. मागे ढोल हळूच जागा होतो, बायकांच्या हातातले भोपळ्याचे खुळखुळे वाजू लागतात, आणि अख्खं चर्च होडीत बसतं.

"दमला होता गं प्रभू माझा," पास्टर गायले.

"दमला होता!" सगळे.

"माणसं बरी करून करून दमला होता!"

"दमला होता!"

"लाज नाही वाटली त्याला, उशी घेतली नि निजला!"

ओदोईचे डोळे ओले झाले. टाळी वाजवता वाजवता त्यानं मान हलवली: काय प्रेमळ देव! आपण दमतो, तसाच दमतो!

पास्टरांनी ढोल हळू करवला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "आता सांगा, प्रभूला जागं करून तुम्ही काय मागाल?"

कुणी तारली मागितली, कुणी मुलाचा व्हिसा. एका म्हातारीनं नवे गुडघे मागितले, आणि जमलं तर दातही. हशा झाला. तेवढ्यात पोरांच्या बाकावरून बारीक आवाज आला.

"देवा, मला समुद्र कर."

पास्टर थबकले. "समुद्र? का गं बाळ? मोठं व्हायचंय?"

"नाही," अजेले म्हणाली. "समुद्राला मंगळवारी सुट्टी असते."

मग तेइको उठून उभा राहिला. "देवा, मलापण! मला सोमवार-मंगळवार दोन्ही!"

चर्च असं हसलं की छपराचे पत्रे वाजले. पास्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, पोरीचेच शब्द उचलले आणि चालीत घातले: "मला समुद्र कर रे देवा, मला समुद्र कर." बायकांनी धरलं, ढोलानं धरलं, म्हातारीनं गुडघे विसरून धरलं. सगळे गात होते. पहिल्या बाकावर एकट्या ओदोईचे दोन्ही तळवे एकमेकांपासून वीतभर लांब, तसेच राहून गेले.

बाहेर पायरीवर अशितेआजोबा काठी टेकून उभे होते. बंदराचे पाटील ते. मंगळवार मोडणाऱ्याचा न्याय करणारे. रविवारी शेवटच्या बाकावर बसायचे, म्हणायचे, इथून सगळ्यांच्या माना दिसतात.

"ओदोई, इकडे ये. तुझ्यावर तक्रार आहे. मंगळवार मोडल्याची."

ओदोई धावतच पायरीपाशी आला. "आजोबा! माझी होडी वाळूवर होती! देदेला विचारा!"

"मला नका विचारू हो," मागून देदे म्हणाली. "मी भट्टीपाशी होते. मला काय दिसतंय धुरातून."

"तक्रार कुणाची?" ओदोईनं विचारलं.

"आत्ता आत अख्ख्या गावासमोर झाली. तू पुढे बसला होतास, तुला नीट ऐकू आली असेल." आजोबांनी काठीनं वाळूत रेघ ओढली. "मला सांग, समुद्राला मंगळवार का देतो आपण?"

"त्याचा मान म्हणून."

"आणि?"

"आणि... रोज जाळं टाकलं तर बारीक मासळी मोठी कधी होणार? उरणारच नाही."

"हां. हे तुला कुणी सांगितलं?"

"बानं."

"तुझ्या बाला मी सांगितलं होतं. नीट पोचलंय म्हणायचं." आजोबा रेघेच्या ह्या बाजूला आले. "मंगळवारी तू पाण्यात जाळं टाकत नाहीस, हे खरं. तू ते किनाऱ्यावर टाकतोस. आणि भोकं इतकी बारीक, की आठ वर्षांचंसुद्धा सुटत नाही."

ओदोईला बोलायचं होतं. तेशीचे पाच गोल सांगायचे होते. आपण तिच्या वयाचे असताना बापानं एकदाही खेळताना पाहिलं नाही, हेही सांगायचं होतं. म्हणून तर तो हिचा एक पाससुद्धा नजरेआड होऊ देत नव्हता. पण समोर अजेले चर्चच्या भिंतीला टेकून, एक पाय उचलून बगळ्यासारखी उभी होती. दुखरी टाच जमिनीला लागू नये म्हणून. अशी ती किती दिवस उभी राहत होती कोण जाणे. त्याला आजच दिसलं.

"मेंढा कधी आणू?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

"मेंढा नको. शिट्टी आण. मंगळवारी पोरं म्हणजे समुद्र. त्यांच्यात कुणी वल्हं घालायचं नाही. तू माझ्या होडीवर बसायचं आणि माझं जाळं विणायचं. फाटलंय बरंच."

"आणि टाच बरी होईपर्यंत पोरीला एकाही दिवशी पळवायचं नाही," देदेनं जोडून दिलं.

"हा पाटलांचा न्याय आहे की तुझा?"

"माझा. त्याच्यावर अपील नाही."

पहिला मंगळवार ओदोईला फार जड गेला. आजोबांच्या होडीवर बसून तो जाळ्याची गाठ मारायचा नि किनाऱ्याकडे बघायचा. किनारा रिकामा. दुपार झाली तरी एक पोर नाही. शिट्टी आजोबांच्या गळ्यात होती. ते होडीच्या सावलीत घोरत होते आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी पोटावर वर-खाली होत होती.

"बघा," ओदोई स्वतःशीच म्हणाला. "मोकळं सोडलं की खेळच संपला."

घरी जाऊन बघतो तर अजेले झोपलेली. सकाळी जेवली, झोपली. दुपारी जेवली, पुन्हा झोपली. चेंडू शेळीजवळच. शेळीनं त्याच्यावर हनुवटी टेकली होती. ओदोई उंबऱ्यात बसला. पोरीचा खेळ गेला असेल तर तो आपणच घालवला. त्यानं मनोमन प्रभूला हाक मारली. सामना नको, गोल नको, फक्त तिचं हसू तेवढं परत दे. आणि मग त्याला आठवलं, की झोपलेल्या प्रभूला जागं करणारे शिष्यसुद्धा असेच घाबरट होते. तो उठला, आणि पोरीवरून माशी हाकलत बसला.

आठवडा गेला, आणखी एक गेला. टाचेची सूज उतरली. नर्सनं दाबून पाहिलं, पोर ओरडली नाही, उलट गुदगुल्या होतात म्हणून खिदळली. तिसऱ्या मंगळवारी ओदोई जाळं विणत असताना वाळूवर गलका उठला. तेइको पुढे, मागे सगळी पलटण, नि सगळ्यांच्या मागे शेळीची दोरी धरून अजेले. काखेत चेंडू.

खेळ असा काही लावला त्यांनी, की फुटबॉलच्या पंचाला घेरी आली असती. गोलचा एक खांब म्हणजे चप्पल, दुसरा म्हणजे शेळी. शेळी चालायला लागली की गोल रुंद व्हायचा. गोल झाला किंवा अडला की एकानं पास्टर लारेयांसारखं गायचं, नि बाकीच्यांनी मागे म्हणायचं.

"घेतला गं चेंडू माझ्या तेइकोनं!"

"घेतला होता!"

"पोटानं अडवला!"

"पोट होतं!"

अजेलेनं चेंडू डाव्या पायावर घेतला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, आणि उजव्या पायानं, जो ती कधी वापरायची नाही, ज्याच्यासाठी ओदोईनं चार महिने घसा फोडला होता, त्या पायानं चेंडू अलगद उचलून शेळीच्या पाठीवरून टाकला.

ओदोईचा हात आपोआप गळ्याशी गेला. शिट्टी नव्हती. "टाच वर, अजेले, टा—" तो ओरडणार, तोच आजोबांनी डोळे न उघडता काठी त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

"मंगळवार."

"हो, आजोबा."

"विण."

तो विणत राहिला. पण पोरीनं बापाला पाहिलं होतं. ती धापा टाकत होडीपाशी आली, कपाळावर वाळू, गालावर वाळू.

"बाबा, आमच्याकडे एक माणूस कमी आहे."

"मला मनाई आहे गं. कोच नाही यायचं आज."

"कोच कुणी मागितला? खांब पाहिजे. शेळी घरी पळाली."

अशितेआजोबा खदखदून हसले. पोटावरची शिट्टी त्यांनी पाठीवर टाकली. "खांबाला मनाई नाही," ते म्हणाले. "जा. पण खांब बोलत नसतो, एवढं लक्षात ठेव."

तर असा ओदोई तांडेल, बारा जणांच्या होडीचा धनी, दिवस कलेपर्यंत खांब होऊन उभा राहिला. चेंडू त्याच्या नडगीवर आदळला, पोटावर आदळला, एकदा नाकावर. तो बोलला नाही. पण अजेलेनं त्याच्या दोन पायांमधून गोल केला आणि हात पसरून गायला सुरुवात केली, तेव्हा खांबानंही मागे म्हटलं. टाळी वाजवून म्हटलं. धुरातून बाहेर येऊन देदे बघत होती. तिनं काळ्या हातानं डोळे पुसले आणि तोंडभर काजळ करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. होड्या पाण्यात लोटायची वेळ, पूर्वेला नुकतं तांबडं फुटलेलं. ओदोईनं होडीला खांदा लावला, तोच मागून वाळूत पावलं वाजली. अजेले होती. केस विस्कटलेले, गालावर चेंडूच्या शिवणीचा वळ उमटलेला, अंथरुणातल्या वाळूसकट.

"बाबा, मंगळवार संपला ना?"

"संपला."

"मग आज सराव आहे?"

ओदोईनं एकदा समुद्राकडे पाहिलं. एक दिवस निजून उठलेला तो समुद्र होडीला पाठीवर घ्यायला कसा उत्सुक दिसत होता!

"तू म्हणशील तर आहे."

"मग लवकर या मासे घेऊन," अजेले म्हणाली, आणि चेंडू पायावर नाचवत पाण्याच्या कडेकडेनं पळत सुटली.