आरशामागचा हात

बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा घरातला पंखासुद्धा बंद होता. तोंड आणि पाय हळूहळू वळणावर आले. डावा हात मात्र परतला नाही, आणि बाबांनीही त्याचा नाद सोडला.

"हा कुणाचा हात आहे अंथरुणात?" ते सकाळी विचारायचे.

"अहो, तुमचाच," आई म्हणायची.

"माझा असा नाही. ज्याचा असेल त्याला नेऊन द्या. शोधत असेल बिचारा."

मी शेजारीपाजारी विचारून आलो. कुणाचाच हरवला नव्हता.

बाबांचं केस कापायचं दुकान. लोकांना उजव्या हातातली कात्रीच दिसते, पण कंगवा धरतो डावा आणि गिऱ्हाइकाची मान वळवतो तोही डावाच. तो परका झाला तर शटर कायमचं खाली. काकाला तर तिथे मोबाइलची कव्हरं विकायची स्वप्नं पडू लागली होती, तीही रंगीत.

दवाखान्यातल्या व्यायामवाल्या ताईंना एकदाच येणं जमलं. "रोजचं तुम्हीच करायचं," त्या म्हणाल्या. "आरसा उभा ठेवा. डावा हात आरशामागे, उजवा पुढे. दोन्ही हलवायला बघायचं, पण नजर आरशात. मेंदूला वाटतं, डावाच हलतोय."

"म्हणजे दादाच्या मेंदूला फसवायचं?" आत्या म्हणाली. "सोपं आहे. त्याला भाजीवालासुद्धा फसवतो."

दुकानातला आरसा काढून आणला आणि टेबलावर विटांच्या आधारानं उभा केला. दुपारी त्यातून उजेड छतावर जायचा आणि तिथे संथ पोहत राहायचा. आरशाच्या आत घड्याळ उलटं चालायचं, आई डावखुरी व्हायची, आणि बाबांचा डावा हात मूठ उघडायचा, मिटायचा, हवेत कंगवा धरायचा.

"हा माझा," बाबा म्हणायचे. आयुष्यभर ते माणसांशी आरशातूनच बोलले होते. काचेबाहेरच्या जगावर त्यांचा तेवढा विश्वास नव्हता.

आम्ही त्यांच्या उजवीकडे दाटीवाटीनं बसून टाळ्या वाजवायचो. बघता बघता गुंगी यायची. काका एकदा त्या हाताशी हात मिळवायला गेला आणि त्याची बोटं काचेवर आपटली. आत्याला जागाच उरायची नाही. ती रुसून आरशामागे मटार सोलत बसायची.

एका दुपारी बाबा थांबले. "आरशातला हात दुकानात नेता येत नाही," ते म्हणाले. "काकाला देऊन टाका दुकान."

काका चोरी पकडल्यासारखा जमिनीकडे बघू लागला.

"आणि ह्याला कुठे ठेवायचं?" आरशामागून आत्या म्हणाली. "सारखा माझ्या शेंगा ओढतोय."

"कोण?"

"हा हात. परवापासून चाललंय."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?" आई ओरडली.

"वहिनी, टाळ्या कशाला वाजवत होतात मग? मला वाटलं, ह्यालाच!"

बाबा वाकले आणि आरशाच्या कडेवरून, प्रथमच काचेशिवाय, त्यांनी पलीकडे पाहिलं. अंगठा आणि तर्जनीत एक शेंग धरलेली होती, गिऱ्हाइकाचा कान बाजूला धरावा तशी, अलगद. ती थरथरत होती. छतावरचा उजेडही.

मग बाबांनी दुकानातला आवाज काढला.

"या, बसा. वेळ लागेल, पण होईल तुमचं."

आत्यानं मटारची परात हाताजवळ सरकवली. "सोलायचे," तिनं त्याला बजावलं, "खायचे नाहीत."