बयनाबाईच्या पोरीचं न ठरलेलं लग्न

गुरुवारी दुपारी बयनाबाई वांग्यांवर ओलं पोतं टाकून जरा टेकली होती, तेवढ्यात गुडीहत्नूरहून नणंदेचा, गयाबाईचा फोन आला.

"वयनी, पोरीचं लगन ठरवलं आन् आमाले मोबाइलवर निरोप? घरचे मानसं का मेले होते?"

बयनाबाईला पोरी दोन. थोरली दिलेली. धाकटी उत्कर्षा बिनलग्नाची, त्यांच्या मावला गावातच हायवेवर बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर कम्प्युटरच्या हपिसात जाणारी. तिचं लग्न ठरल्याचं त्या क्षणापर्यंत बयनाबाईच्या कानावर नव्हतं. दुसरी कोणी असती तर सरळ म्हणाली असती, मले तं माहीत नाई. पण मावल्यात कोणाची म्हैस कधी विणार हे मालकाच्या आधी बयनाबाईला कळतं, असा तिचा लौकिक. तो पसरवलाही तिनंच. आता पोटच्या पोरीचं लग्न तिला नणंदेकडून कळावं? तेही गयाबाईकडून, जिला वरणात मीठ किती घालायचं हे अजून कळलेलं नाही?

"घाईत ठरलं, बाई," बयनाबाई म्हणाली. तोंड आपलं आपणच चाललं.

"येत्या रविवारी? एवढी घाई काऊन?"

"पोराले सुट्टी नाई. मोठा साहेब हाये तो."

"भूषण नाव लिहिलं. कोनाचा पोरगा?"

"तुमी नाई ओळखत असल्या लोकायले," असं म्हणून बयनाबाईनं फोन ठेवला आणि कपाळाचा घाम पुसला. पोतं टाकलेल्या वांग्यांवर पुन्हा एकदा पोतं टाकलं.

मग फोन थांबेचनात. मामेभाऊ झाला, विहीण झाली, शेजारच्या गल्लीतली तेलुगू बाई तर लग्नाचं विचारायला दारातच आली, "पेळ्ळीला जेवण काय, अम्मा?" दर फोनला नवरदेव सुधारत गेला. दुपारी नुसता साहेब होता, चार वाजता गोरा झाला, दिवेलागणीला त्याला हैदराबादेत फ्लॅट मिळाला. जेवणात जिलेबी होती ती वाढून जिलेबी, बासुंदी आणि मठ्ठा झाली. बयनाबाईला मधूनच वाटे, की असं लग्न खरंच ठरलं असतं तर वाईट नव्हतं.

संध्याकाळी उत्कर्षा घरी आली ती डोळे सुजवून.

"माय, माझ्या हातून लय मोठी चूक झाली," ती म्हणाली. पांडुरंगरावांच्या फंक्शन हॉलसाठी तिचं हपिस एक प्रोग्राम करून राह्यलं होतं. एक बटण दाबलं की लग्नाचं बोलावणं सगळ्या पाहुण्यांच्या फोनवर. ते चालतं का बघायला तिनं नवरीच्या जागी स्वतःचं नाव टाकलं, नवरदेवाच्या जागी शेजारच्या खुर्चीवरच्या भूषणचं, तारीख रविवारची. तिला वाटलं, मेसेज हपिसातल्या चार फोनांवर जाईल. तो गेला आजवर त्या हॉलमध्ये ज्यानं ज्यानं नंबर लिहून दिला होता त्या सगळ्यांना.

"पण लगेच दुसरा मेसेज टाकला, की चूक झाली, लग्न नाही. निस्तरेल."

"तुले काई अक्कल? बापानं जमीन इकून शिकवलं ते याच्यासाठी?" बापानं जमीन विकलेली नव्हती, पण रागात ते वाक्य बरं बसतं. बयनाबाईनं पोरीला भाकरी थापता थापता झाडलं, वाढता वाढता झाडलं, भांडी घासतानाही सोडलं नाही. स्वतःच्या फोनांबद्दल एक अक्षर काढलं नाही.

शुक्रवारी सकाळीच गयाबाई. "वयनी, दुसरा मेसेज आला. लगन नाई म्हनते."

देवानं इतकं सताड दार उघडून द्यावं, आणि माणसानं त्यातून बाहेर पडू नये. पण बाहेर पडायचं म्हणजे काल मी खोटं बोलली हे गयाबाईला सांगायचं. त्यापेक्षा जीभ तोडून दिलेली परवडली.

"तो दुसराच चुकून आला," बयनाबाई म्हणाली. "कम्प्युटरचा काय भरोसा. मी सांगून राह्यली ना, नवरीची माय."

शनिवारी सकाळी उत्कर्षानं ताट सरकवलं.

"माय, कोणी मानतच नाही. पुन्हा पुन्हा मेसेज टाकले, लोक म्हणतात, आमाले पक्की खबर हाय. उद्या हॉलमध्ये दुसऱ्यांचं खरं लग्न आहे. आपले पाहुणे तिथं पंगतीला बसले तर पांडुरंगराव आम्हाला उभं जाळतील. आज चार वाजता येतात ते. आमचं काम काढून घेणार. ते काम गेलं की माझी नोकरी गेली. मग हैदराबादला जावं लागेल, नाहीतर घरी बसून वांगी तोडावी लागतील."

पोर गेल्यावर बयनाबाईनं ते ताट उचललं. हैदराबाद म्हणजे पोर वर्षातून दोनदा दिसणार. आणि वांगी तोडायला लावायची असती तर तिला कशाला शिकवली. आपण परवा ज्यांना फोनवर जिलेबी वाढली तेच उद्या पोरीची नोकरी खाणार, हे तिला स्वच्छ दिसलं. तरी तिनं ठरवलं ते वेगळंच. हपिसात जायचं, त्या मालक पोराला आणि पांडुरंगरावांना दोघांनाही असं झोडपायचं की नोकरी काढायची भाषा विसरले पाहिजेत. झोडपणं हे तिचं हातखंडा काम. त्यात खरं बोलावं लागत नाही.

चारला ती माडी चढली. वर सतरंजीवर गोल करून पोरं बसली होती. उत्कर्षा, एक काळासावळा बारका पोरगा चुरमुरे खात, आणि मध्ये चष्मेवाला जीवन, हपिसाचा मालक. पांडुरंगराव भिंतीला टेकून, मांडी न घालता, रुसलेल्या व्याह्यासारखे.

"या मावशी, बसा," जीवन म्हणाला. "आमची शनिवारची बैठक आहे. या आठवड्यात कोण काय शिकलं ते सांगायचं. काय मोडलं तेही सांगायचं. आमचा एकच कायदा आहे. जो चूक सांगेल त्याला कोणी बोलायचं नाही. टाळी वाजवायची."

"चुकीले टाळी?" बयनाबाई बसता बसता थांबली. "आन् बरोबर केलं तं काय, कानाखाली वाजवता का?"

चुरमुरेवाला फस्सकन हसला. जीवन म्हणाला, "भूषण, तू सांग आधी."

बयनाबाईनं त्या भूषणकडे नीट पाहून घेतलं. हाच का तो गोरा साहेब. चपलेला दोरी बांधलेली होती. हैदराबादेतला फ्लॅट कुठे दिसेना.

"मी शिकलो," भूषण म्हणाला, "की आपलं लग्न आपल्याला शेवटी कळतं. माह्या मायनं भांडे घेतले. मी सांगून राह्यलो, हे टेस्टिंग हाये. माय मने, टेस्टिंग तं टेस्टिंग, पोरगी चांगली हाये."

सगळे हसले, उत्कर्षाचे कान लाल झाले, आणि टाळी वाजली. मग उत्कर्षा उठून उभी राहिली, शाळेत राहतात तशी.

"मी शिकले, की मेसेज कोणाला जाणार हे बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही. चूक माझी आहे. पण जीवनदादा, एक नाही समजलं. माफीचा मेसेज तीनदा गेला, सगळ्यांनी वाचला, तरी कोणी मानत कसं नाही? कुठंतरी कोणीतरी बसून होय म्हणून राह्यलं आहे. तो कोण ते सापडत नाही."

तिलाही टाळी वाजली. पांडुरंगरावांनी वाजवली नाही. "टाळ्या पुरे करा," ते म्हणाले. "उद्या खऱ्या पार्टीच्या ताटावर तुमचे पाहुणे बसले की मी कोणाची टाळी वाजवू? माह्या घरातूनच सकाळी बायको म्हन्ली, बासुंदी हाये म्हनते, जाऊन येऊ. हॉल माहा, आन् बासुंदी मले माहीत नाई. हे काम मी आजपासून..."

"थांबा, पांडुरंगराव," बयनाबाई म्हणाली.

झोडपायला म्हणून तोंड उघडलं होतं. पण समोर पोर उभी होती, दोन्ही हात ओढणीत गुंडाळून, सगळ्यांसमोर चूक सांगून मोकळी झालेली. इतकी बारकी होती तेव्हा दूध सांडलं की मांजरावर ढकलायची. हे कधी शिकली? झोडपायचे सगळे शब्द बयनाबाईच्या तोंडातच तुंबले.

"बासुंदी मी सांगतली," ती म्हणाली.

कोणाला कळेना. मग तिनं सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. नणंदेचा फोन, मोठा साहेब, गोरा रंग, फ्लॅट, मठ्ठा, दुसरा मेसेजच चुकून आला म्हणून ठोकून दिलेलं, सगळं. "नणंदेकून पोरीचं लगन कळलं. मले माहीत नव्हतं, आन् माहीत नाई मनायची लाज वाटली. तुमी मेसेज पाठवत होते आन् मी पुसत होती."

उत्कर्षानं डोळे मोठे करून आईकडे पाहिलं. "माय, दोन दिवस मले झाडत होती ना तू?"

"कायदा हाये, मले बोलाचं नाई," बयनाबाई म्हणाली, आणि इकडेतिकडे पाहिलं. "टाळी कोन वाजवन, का माह्यी चूक तुमच्या नियमात बसत नाई?"

जी टाळी वाजली ती खालच्या बियाण्याच्या दुकानात ऐकू गेली. भूषणनं तर चुरमुऱ्यांची पिशवीच बडवली. बयनाबाईनं पदर सारखा केला. साठी आली, पण असं काही तिला कधी कोणी दिलं नव्हतं. अजून एखादी चूक आठवते का, ते ती मनातल्या मनात चाचपू लागली.

जीवननं मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. "मावशी, लोक तुमचंच ऐकतात. तुमच्या आवाजात सांगा. त्याच सगळ्यांना पाठवतो."

बयनाबाईनं घसा खाकरला.

"मी मावल्याची बयनाबाई बोलून राह्यली. उद्या माह्या पोरीचं लगन नाई. पहिला निरोप चुकून आला होता, दुसरा खरा होता. मधात फोनवर मी जे बोलली ते खोटं होतं. बासुंदी नाई, मठ्ठा नाई, साहेब तं नाईच नाई. ज्यायनं नवे कपडे घेतले त्यायनं घालून घरात फिरा. हॉलवर उद्या दुसऱ्याचं लगन हाये, तिथं माह्या नावानं कोनी जेवाले बसलं तं मी येऊन ताटावरून उठवीन. आन् मले 'एवढी घाई काऊन' मनून ज्यायनं वाकडं इचारलं, ते मी ध्यानात ठेवलं हाये."

या वेळी बटण दाबण्याआधी उत्कर्षानं दोनदा पाहिलं, जीवननं एकदा पाहिलं, आणि भूषणला कोणी पाहू दिलं नाही.

उत्तरं भराभर येऊ लागली. येत नाई, काकू. बरं झालं सांगितलं. पांडुरंगरावांच्या बायकोचाही फोन आला, बासुंदी नाही म्हणून हळहळत. पांडुरंगरावांनी तो ठेवला. मग भिंत सोडून सतरंजीवर आले आणि गुडघे मोडत मांडी घालून बसले.

"एक माह्याकडूनही घ्या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "ही पोर प्रोग्राममध्ये टाकाले मागत होती दोन-चार खोटे नंबर. मीच म्हन्लो, खोटे कशाले, खरे घे, पुरे घे, पाहू तं द्या किती जोर हाये. हे मी बाहेर कोनाले सांगतलं नव्हतं. काम इथंच राहू द्या. फक्त आता खोटे नंबर मी देतो."

टाळी झाली. पांडुरंगराव लाजले. उत्कर्षा मटकन खाली बसली आणि भूषणच्या पिशवीतले चुरमुरे मुठीनं खाऊ लागली.

तेवढ्यात बयनाबाईचा फोन वाजला. गयाबाई. सगळ्यांना ऐकू जाईल असा तो जीवननं लावून दिला.

"वयनी," गयाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज कधी नव्हे तो मऊ होता. "मीबी गावभर सांगतलं, का हे स्थळ मीच आनलं. दिवाळीपासून बोलनी चालू होती मनून. आता मी कोनाले तोंड दाखवू?"

"सांगून टाक. हलकं वाटते," बयनाबाई म्हणाली. हे आपण बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"बरं, मंग खरं लगन कधी करता पोरीचं?"

"मले माहीत नाई, बाई. तिलेच इचार."

तिनं फोन पुढे केला. उत्कर्षा चुरमुरे चावत म्हणाली, "मलाही माहीत नाही, आत्या."

पलीकडे गयाबाईनं दोनदा "आँ?" केलं. या घराण्यात तिला हे वाक्य आजवर कोणी एकदाही ऐकवलं नव्हतं, आणि आज लागोपाठ दोघींनी.