चार-तीन, कमलाची सर्व्हिस

कमला गेल्याचं कळलं तेव्हा देवाजी निमगडे क्लबच्या टेनिस कोर्टावर चुन्याच्या रेघा मारत होते. शुक्रवारची संध्याकाळ होती. माळी दिवाळीच्या आधीच गावाला पळाला होता आणि रविवारी राहिलेली फायनल पुरी व्हायची होती, म्हणून चुन्याचं डबडं आणि दोरी घेऊन देवाजी स्वतःच वाकले होते. क्लबचे सेक्रेटरी गुलाबराव चौखे स्कूटर फाटकाबाहेर लावून चालत आले. एरवी हा माणूस स्कूटर थेट कोर्टाच्या कडेला आणायचा, आणि त्यावरून त्याचं सगळ्यांशी वाजायचं.

"निमगडे भाऊ, भामरागडहून पोलिसांच्या वायरलेसवर निरोप आला."

"काय म्हणते? उद्याची गाडी नाई म्हणते?" देवाजींनी मान वर केली नाही. "पाणी उतरलं का पर्लकोटेचं?"

"भाऊ, उठून उभे राहा जरा."

पाणी उतरलं नव्हतं. उतरलं असतं तर कमलाला नदीच्या अलीकडे आणता आलं असतं. ती थोरल्या बहिणीच्या, रुखमाच्या लेकीच्या बाळंतपणाला सोमवारी गेली होती. कमला सरकारी दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे नात्यातलं कुठलंही बाळंतपण तिच्याशिवाय होत नसे. निघतानाच अंगात कणकण होती. "शनिवारी येतोच मी. माह्या रॅकेटीले हात नका लावू," एवढं सांगून ती गाडीत बसली. तिकडे परतीचा पाऊस लागला, पुलावर पाणी चढलं आणि हिवताप मेंदूत गेला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती.

देवाजींनी सगळं ऐकून घेतलं. हातातली रेघ अर्धी राहिली होती. ती त्यांनी आधी पुरी केली, मग डबडं खाली ठेवलं. गुलाबरावांनी पुढं चार ठिकाणी सांगितलं, की माणूस दगडाचा आहे. दगडाचा वगैरे काही नाही. अर्धी रेघ पाहून कमला खवळली असती, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

खवळायची ती कोर्टावरच. घरात शांत बाई. पण एकदा का पातळ खोचून, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून नेटच्या त्या बाजूला गेली, की देवाजींची धडगत नसे. "अवो, हात नका लावू! तो माह्या हाय!" "कुठी पाहून राह्यले?" "तुमी फक्त उभे राहा. मी पाहतो." अख्ख्या सिव्हिल लाइन्सला ऐकू जायचं. पाटबंधारे खात्यातला ओव्हरसियर, हाताखाली पन्नास माणसं, आणि इथं बायको सांगते की फक्त उभे राहा.

तिचं बरोबर होतं, हीच तर पंचाईत. कमलाचा बाप पोचू हा या क्लबचा मार्कर. जन्मभर त्यानं साहेबांना चेंडू टाकून खेळवलं. लहान कमला कोर्टामागच्या गोदामाच्या भिंतीवर लाकडाच्या फळीनं चेंडू मारायची. देवाजींनी रॅकेट धरली ती बढती मिळून क्लबाची मेंबरशिप मिळाल्यावर, पोट सुटल्यावर. मिक्स्ड डबल्समध्ये इथं नवरा-बायकोचीच जोडी, त्यामुळे कमलाच्या वाट्याला देवाजी आले ते आलेच.

क्लबाचा आणखी एक नियम होता. पुरुषानं बाईमाणसाला सर्व्हिस खालून, हळू टाकायची. कुण्या जुन्या साहेबानं सभ्यता म्हणून लावलेला. पहिल्याच वर्षी रेंजर श्रावण उराडेंनी कमलाला अशी हळू सर्व्हिस टाकली, तर तिनं चेंडू हातानं झेलला आणि परत फेकला. "साहेब, मी का लेकरू हाय? पुरी टाका." उराडेंनी पुरी टाकली, ती तिनं त्यांच्या पायात मारली. त्या दिवसापासून तो नियम कमलासाठी नव्हता.

तरी फायनल जिंकणं काही होत नव्हतं. कधी उराडे नवरा-बायको, कधी आणखी कुणी. समोरच्यांनी देवाजींच्या बाजूला चेंडू मारत राहायचं, की झालं. क्लबाच्या हॉलमध्ये विजेत्यांच्या नावांचा लाकडी फळा होता. दर वर्षाची एक ओळ. कमला येता-जाता त्याच्याकडं पाहायची. "माह्या बापानं हा फळा पुसला," ती म्हणायची, "याच्यावर माह्यं नाव आल्याबिगर मी काही रॅकेट सोडत नाई. अन् तुमालेही सोडत नाई."

आणि या वर्षी, शहाऐंशी साली, ते होत आलं होतं. समोर उराडे नवरा-बायको, तिसरा सेट, चार-तीन पुढे, आठवा गेम कमलाच्या सर्व्हिसचा. तेवढ्यात अंधार पडला. कोर्टाला दिवे नाहीत. पुढच्या रविवारी इथूनच सुरू, असं ठरलं आणि कमला सोमवारी भामरागडला गेली.

डिसेंबर लागला तसे गुलाबराव घरी आले. देवाजी स्वतःच भात टाकून बसले होते. लेक वर्ध्याला सासरी परत गेली होती. चहाला दूध नव्हतं. समाचाराला येणारा प्रत्येक जण तेच बोले आणि कोरा चहा पिऊन जाई, याचा देवाजींना मनस्वी कंटाळा आला होता.

"भाऊ, वाईट वाटून घेऊ नका," गुलाबराव म्हणाले, "पण फायनलचं काय करायचं? फळ्यावर नाव लिहायले कोलू पेंटर येणार हाय. तुमी सोडता म्हणाल तर उराडेंचं टाकून देऊ."

"सोडत नाई."

"मंग खेळता कोणासंगं?"

देवाजींनी भाताखालचा जाळ कमी केला. "इंदुताईसंगं. पण जिंकलो तर नाव कमलाचं लागन. ते कबूल असन तर बोला."

गुलाबरावांनी बराच वेळ मिशीवर हात फिरवला. "उराडेंले विचारतो. ते नाई म्हणणार नाईत." मग चपला घालता घालता म्हणाले, "इंदुताई? भाऊ, आधी जिंका तर खरं."

इंदुताई भोयर मुलींच्या शाळेत मास्तरीण. कमलाची मैत्रीण. नवरा वारलेला, म्हणून त्या कधी कुठल्या जोडीत नव्हत्याच. रोज संध्याकाळी बाकावर बसून शेंगा खात कमलाचा खेळ पाहायच्या, आणि कुणी नसलं की दोन-चार चेंडू मारायच्या. देवाजींनी विचारलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाव कमलाचंच लावा भाऊ. माह्यं नाव कायले पायजे?" इथवर सगळं चांगलं होतं.

सराव सुरू झाला आणि देवाजींचं डोकं फिरायला लागलं.

इंदुताई चेंडूला रॅकेट अशी लावत, जशी तव्यावरची भाकर उलटायची आहे. लागला की "अगं बाई!" आणि हुकला की "सॉरी हं भाऊ." हे सॉरी नेटपलीकडच्या माणसालाही, कोर्टाबाहेरच्या गाईलाही. रस्त्यावरून शाळेतली पोरगी "नमस्ते बाई" म्हणाली, की चेंडू हवेत असताना या नमस्ते करत. आणि चेंडू कुठंही पडो, त्यांच्या पायापाशी का पडेना, त्या ओरडत, "तुमचा!"

"इंदुताई, तो तुमचा होता."

"मले वाटलं तुमी घ्याल."

"मी तिकडं टोकाले उभा हाय. तिथून कसा घेईन? उडून येऊ?"

"कमलाबाई यायची."

कमला यायची. कुठूनही यायची. देवाजींना आता कमलाच्या जागी धावावं लागत होतं, आणि गुडघे साथ देत नव्हते. तीन दिवसांत त्यांच्या तोंडून निघालं, "बाई, तुमी फक्त उभ्या राहा. हात नका लावू!" आवाज इतका चढला, की जाळीबाहेर गवत कापणारा माणूस थांबला. इंदुताईंनी रॅकेट खाली घेतली. मग म्हणाल्या, "अगदी कमलाबाईसारखं बोलले, भाऊ." देवाजी रागारागानं पाणी प्यायला गेले.

सर्व्हिस तर विचारू नका. कमलाची रॅकेट त्यांनी इंदुताईंना दिली होती. मुठीला तिनं दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेली होती, तिच्या बोटांचे काळे ठसे पडलेली. इंदुताईंनी त्या रॅकेटनं शंभर सर्व्हिस टाकल्या असतील. पाच-सहा पलीकडं गेल्या. देवाजी रोज घरी येऊन एकटेच बडबडत, "एवढ्या शेंगा खाल्ल्या तिथं बसून, पाहिलं तरी काय या बाईनं?"

सामन्याच्या दिवशी थंडी होती. उराडेंची बायको कांता शाल घेऊनच कोर्टावर आली. कांता स्वतः काही मोठी खेळणारी नव्हती. मागं उभी राहून केस सावरायची आणि उराडे दोघांचं खेळायचे. पण उराडे बायकोवर कधी ओरडत नसत. का, तर त्यांना भीती वाटे, असं कमला म्हणायची.

"चार-तीन, निमगडे पुढे," गुलाबरावांनी खुर्चीवरून सांगितलं. "सर्व्हिस कमलाबा..." आणि थांबले. "सर्व्हिस इंदुताई."

तो गेम लवकर संपला. तीन डबल फॉल्ट. एक सर्व्हिस कशीबशी गेली, ती उराडेंनी मधोमध मारली, आणि देवाजी-इंदुताईंनी एकमेकांकडं पाहिलं. चार-चार.

मग उराडेंची सर्व्हिस. पहिली देवाजींकडं आली, ती त्यांनी नेटमध्ये घातली. मग उराडे इंदुताईंकडं वळले, आणि चेंडू हातात धरून त्यांनी भल्या मनानं म्हटलं, "ताई, नियमाप्रमाणे हळू टाकतो."

देवाजींचा जीव भांड्यात पडला. हळू चेंडू इंदुताई परत करू शकल्या असत्या.

"नाई," इंदुताई म्हणाल्या. "मी कमलाबाईच्या जागेवर उभी हाय. पुरी टाका."

"अवो बाई!" देवाजी ओरडले. "जागेवर उभं राह्यलं म्हणजे खेळ येते का?"

"भाऊ, नाव तिचं लावाचं हाय ना? मंग तिच्यासारखंच खेळाचं."

उराडेंनी देवाजींकडं पाहिलं. देवाजींनी कपाळाला हात लावला. सर्व्हिस आली. इंदुताईंनी डोळे मिटून रॅकेट फिरवली, तोवर चेंडू मागच्या जाळीत जाऊन अडकला होता. मधली देवाजींनी पुन्हा नेटमध्ये घातली, आणि इंदुताईंची पुढचीही तशीच. त्या प्रत्येक वेळी ताठ उभ्या राहिल्या आणि प्रत्येक वेळी हुकल्या. पाच-चार, उराडे पुढे.

आता देवाजींची सर्व्हिस. हा गेम गेला की सगळं गेलं. कमला म्हणायची, तुमच्या सर्व्हिसवर माणूस चहा पिऊन येईन. पण त्या दिवशी ती बरी पडत होती. ड्यूस झाला. एक चेंडू इंदुताईंच्या अंगावर आला आणि त्यांनी नुसती रॅकेट आडवी धरली, तर तो नेटवरून पलीकडं टपकन पडला. "अगं बाई!" आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा ड्यूस. मग देवाजींचा एक बाहेर गेला. उराडेंना एकच पॉइंट हवा होता.

देवाजींनी सर्व्हिस टाकली. उराडेंनी जोरात मारला. चेंडू इंदुताईंच्या डोक्यावरून वर गेला, खूपच वर, मागच्या रेघेकडं. इंदुताई मान वळवून ओरडल्या, "सोडा भाऊ! सोडा!"

इतके दिवस ही बाई प्रत्येक चेंडूला तुमचा म्हणत आली, आणि आज म्हणते सोडा. हिला काय कळतं? देवाजी मागं धावले आणि त्यांनी चेंडू रेघेच्या हातभर बाहेर, हवेतच मारला. तो नेटमध्ये गेला.

चेंडू बाहेरच जात होता, हे बाकावरच्या लोकांनाही दिसलं होतं.

"सॉरी हं भाऊ," इंदुताई म्हणाल्या.

"तुमी कायले सॉरी म्हणता?" देवाजी खेकसले. "काऊन म्हणता प्रत्येक येळी? तुमी सोडा म्हटलं होतं. बरोबर म्हटलं होतं." आणि ते तिथंच, चुन्याच्या रेघेवर, बसले. दम लागला होता.

हॉलमध्ये कोलू पेंटर ब्रश भिजवून तयार होता. पांढऱ्या रंगात शहाऐंशीचा आकडा त्यानं लिहूनही टाकला होता. "बोला, काय लिहू?"

"श्रावण उराडे, सौ. कांता उराडे," गुलाबराव म्हणाले.

"थांबा," कांता म्हणाली. शाल सावरत ती पुढं आली. "आमी कमलाबाईले हरवलं नाई. तिच्या पुढं आमी चार-तीन मागं होतो. माह्यं नाव नका लिहू." उराडे बायकोच्या मागं उभे होते. त्यांनी मान हलवली.

गुलाबरावांचा चेहरा खुलला. "मंग झालं! निमगडे भाऊ, तुमच्याच मनासारखं झालं. कोलू, लिही. देवाजी निमगडे, सौ. कमला..."

देवाजींना हेच हवं होतं. महिनाभर याच्यासाठीच त्यांनी इंदुताईंना आणि गुडघ्यांना छळलं होतं. कोलूनं ब्रश फळ्याला टेकवला.

"नको," देवाजी म्हणाले.

"आता काय नको?"

"हे हळू सर्व्हिस टाकल्यासारखं झालं. ती घेणार नाई."

"अहो, पण ती..." गुलाबराव वैतागून म्हणाले, आणि पुढचं त्यांनी गिळलं. "मंग लिहायचं काय? सांगा न कोणी! पेंटर का रोज येते?"

कोलूनं थोडा वेळ वाट पाहिली, ब्रश रॉकेलात धुतला आणि सायकल काढली. इंदुताईंनी रॅकेट देवाजींपुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही. "ठेवा," ते म्हणाले. "उद्या पाच वाजता या. सर्व्हिस नाई येत तुमाले."

फळ्यावर शहाऐंशी हा आकडा आहे. त्याच्यापुढं अजून काही लिहिलेलं नाही.